परराष्ट्रनीती, राष्ट्ररक्षण आणि लोकप्रतिनिधींचे ज्ञानबळ

(हैदराबाद येथील आबिड्स भागात मराठी भाषक शिक्षक, शासकीय कर्मचारी व नागरिक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



हैदराबाद शहरात आबिड्स हे नाव ठाऊक नसलेला माणूस सापडणे कठीण. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सेवेतील आल्बर्ट आबिद यांनी येथे दुकान थाटले आणि त्या दुकानाचे नाव पुढे साऱ्या वस्तीला मिळाले. आठवड्याचे सहा दिवस हा भाग व्यापाराने गजबजलेला असतो. रविवारी दुकानांची दारे बंद होतात आणि त्याच पदपथांवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. शालेय पुस्तके, कादंबऱ्या, नकाशे, कायद्याचे ग्रंथ, कधीकाळचे सरकारी अहवाल असे सारे एकाच ढिगात पडलेले असते. ज्याला काय हवे हे नेमके ठाऊक आहे, त्याला या ढिगात रत्न गवसते. ज्याला ते ठाऊक नाही, तो दोन तास चाळून रिकाम्या हातांनी परततो.

याच आबिड्सवरून नामपल्लीच्या दिशेने थोडे पायी चालले की विधानसभेची वास्तू लागते. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर १९५२ साली हैदराबाद राज्याची विधानसभा अस्तित्वात आली, तेव्हा तिच्या अध्यक्षपदाचा मान काशीनाथराव वैद्य या मराठी भाषक नेत्याला मिळाला होता. तेलुगू, मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारे प्रतिनिधी त्या सभागृहात शेजारी शेजारी बसत. सभागृहात बसणाऱ्या प्रतिनिधीपुढेही कागदांचा असाच एक ढीग असतो. अर्थसंकल्पाची पुस्तके, विधेयके, खात्यांची निवेदने, वृत्तपत्रांची कात्रणे आणि मतदारांची निवेदने यांतून त्याला सत्य निवडावयाचे असते. रस्ता, शाळा, पाटबंधारे यांच्या बाबतीत तो स्वतःच्या अनुभवाच्या आधारे बोलू शकतो. परंतु परराष्ट्रांशी होणारा करार, सीमेवरील परिस्थिती, शस्त्रखरेदी किंवा सागरी सुरक्षितता यांवर बोलताना त्याने कोणाच्या माहितीवर विसंबून राहावे? ज्या खात्याला प्रश्न विचारावयाचा, त्याच खात्याने दिलेल्या माहितीवर? हाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

दूरचे प्रश्न, दारातले परिणाम

परराष्ट्रनीती हा राजधानीतील मूठभर विद्वानांचा विषय आहे, अशी एक समजूत ग्रामीण भागात आढळते. ही समजूत खरी नाही. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले. हे गाव आजही ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखले जाते. त्या युद्धात हिंदुस्थानने उतरावे की नाही, हे जनतेने निवडून दिलेल्या कोणत्याही सभागृहाने ठरविले नव्हते. निर्णय एकीकडे झाला आणि त्याची किंमत अपशिंग्याच्या घराघरांनी मोजली.

हैदराबादकरांना तर हे वेगळे सांगावयास नको. १९४८ च्या सप्टेंबरात मराठवाड्यातील गावे रझाकारांच्या दहशतीखाली दिवस कंठीत होती. त्याच वेळी हैदराबादचा प्रश्न पॅरिस येथे भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे गेला होता. १३ सप्टेंबरला पोलीस कारवाई सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला निजामाच्या फौजांनी शरणागती पत्करली. नांदेड, परभणी, बीड येथील शेतकऱ्याच्या जीविताचा प्रश्न हा त्या दिवसांत आंतरराष्ट्रीय राजकारणाचा प्रश्न बनला होता.

पुढील काळातही हेच दिसून येते. १९९० साली कुवेतवर आक्रमण झाले, तेव्हा आखाती देशांत रोजगारासाठी गेलेल्या असंख्य कुटुंबांवर आकाश कोसळले. सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना विमानांनी मायदेशी आणावे लागले. १९९३ साली रायगड जिल्ह्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरविण्यात आली आणि १२ मार्च रोजी मुंबईत झालेल्या स्फोटांत २५७ माणसे मृत्युमुखी पडली. लासलगावच्या कांद्याचा भावसुद्धा निर्यातीच्या धोरणावर आणि शेजारी देशांनी लावलेल्या करांवर हेलकावे खातो. तेव्हा हे विषय दूरचे आहेत, असे म्हणून लोकप्रतिनिधीला आणि त्याच्या मतदारालाही स्वस्थ बसता येणार नाही.

एक शिक्षक आणि एक लोकप्रतिनिधी

लोकप्रतिनिधीला तज्ज्ञांचे स्वतंत्र साहाय्य मिळाले तर काय घडते, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. पुणे येथे १८७० साली सार्वजनिक सभा स्थापन झाली आणि १८७८ पासून तिचे इंग्रजी त्रैमासिक निघू लागले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे त्यामागील प्रेरक बळ होते. या त्रैमासिकात राज्यकारभार, शेतसारा, नाणेव्यवहार आणि लष्करी खर्च यांवर भक्कम आकडेवारीनिशी लिहिणाऱ्यांत गणेश व्यंकटेश जोशी यांचे स्थान मोठे होते. जोशी हे सरकारी शाळांतील शिक्षक आणि पुढे मुख्याध्यापक. सोलापूरशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. दिवसा विद्यार्थ्यांना शिकवावे आणि उरलेल्या वेळात सरकारचेच अहवाल चाळून त्यांतील आकडे एकमेकांशी ताडून पाहावेत, असा त्यांचा परिपाठ होता. त्यांच्याजवळ गुप्त कागद नव्हते. जे छापलेले होते आणि कोणीही वाचू शकत होते, तेच त्यांनी इतरांपेक्षा अधिक लक्षपूर्वक वाचले.

हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी १८९५ साली लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली एक राजआयोग नेमण्यात आला. १८९७ साली त्याच्यापुढे साक्ष देण्यासाठी गोपाळ कृष्ण गोखले लंडनला गेले. त्यांचे वय त्या वेळी अवघे तीस वर्षांचे होते. साक्षीची तयारी रानडे आणि जोशी यांच्या साहाय्याने झाली होती. हिंदुस्थानच्या तिजोरीवर लष्कराचा किती बोजा पडतो आणि साम्राज्याच्या हितासाठी झालेल्या मोहिमांचा खर्च हिंदी रयतेवर कसा लादला जातो, हा त्या साक्षीतील एक प्रमुख मुद्दा होता. १८६७-६८ च्या ॲबिसिनियाच्या मोहिमेत गेलेल्या हिंदी पलटणींचा नेहमीचा पगार हिंदुस्थानच्याच तिजोरीतून दिला गेला होता. अनुभवी परीक्षकांनी उलटतपासणी केली, तरी गोखले डगमगले नाहीत, कारण त्यांचा प्रत्येक आकडा तपासलेला होता.

त्याच वर्षी, त्याच गोखल्यांच्या वाट्याला एक कटू प्रसंग आला. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी आलेल्या गोऱ्या सोल्जरांच्या वर्तनाविषयी त्यांना पत्रांतून काही माहिती कळविण्यात आली होती. तिच्या आधारे त्यांनी इंग्लंडमध्ये गंभीर आरोप केले. परत आल्यावर पुराव्यांनी ते सिद्ध करता येईनात, आणि त्यांना जाहीर क्षमायाचना करावी लागली. माणूस तोच, देशप्रेम तेच, बुद्धिमत्ताही तीच. एका ठिकाणी पारखून घेतलेल्या माहितीचा आधार होता, दुसऱ्या ठिकाणी तो नव्हता, एवढाच फरक. लोकप्रतिनिधीची प्रतिष्ठा त्याच्या वक्तृत्वापेक्षा त्याच्या माहितीवर अधिक अवलंबून असते, हा धडा गोखले आयुष्यात पुन्हा विसरले नाहीत.

पुढे गोखले मध्यवर्ती कायदेमंडळावर निवडून गेले. २६ मार्च १९०२ रोजी त्यांनी अर्थसंकल्पावर आपले पहिले भाषण केले. त्या काळी सभासदांना अर्थसंकल्पावर बोलता येई, पण मत देता येत नसे. रानडे आदल्या वर्षीच निवर्तले होते. गोखले आता जोशींची टिपणे आणि सल्ला घेत. सरकार शिलकीचा अभिमान बाळगीत होते. रयत दुष्काळाने गांजलेली असताना ही शिल्लक समृद्धीचे लक्षण नव्हे, हे गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवून दिले. लष्करी खर्चाला आळा घाला आणि मिठावरचा कर कमी करा, अशी मागणी त्यांनी केली. मिठाचा कर त्या वेळी मणामागे अडीच रुपये होता. तो १९०३ साली दोन रुपये, १९०५ साली दीड रुपया आणि १९०७ साली एक रुपया झाला. याचे सर्व श्रेय एका भाषणाला देणे योग्य होणार नाही. पण मताचा अधिकार नसलेल्या प्रतिनिधीचा शब्दही ज्ञानाच्या बळावर वजनदार होऊ शकतो, हे त्यातून सिद्ध झाले. सभागृहात गोखले बोलत होते, आणि त्यांच्या पाठीशी शाळेतला एक शिक्षक उभा होता.

स्वातंत्र्यानंतरची उभारणी

गोखल्यांची परंपरा पुढे नेणाऱ्यांत पंडित हृदयनाथ कुंझरू यांचा आवर्जून उल्लेख केला पाहिजे. ते उत्तरेचे, पण गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे आजीव सेवक व पुढे अध्यक्ष. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार हे त्यांच्या अभ्यासाचे विषय. राष्ट्रीय छात्रसेनेची स्थापना ज्या समितीच्या शिफारशींवरून झाली, तिचे ते अध्यक्ष होते. आंतरराष्ट्रीय प्रश्नांचा पक्षनिरपेक्ष अभ्यास करण्यासाठी १९४३ साली भारतीय जागतिक व्यवहार परिषद स्थापन झाली, तिच्या संस्थापकांतही ते होते.

संसदेच्या अंतर्गत व्यवस्थेकडे लक्ष दिले ते लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर यांनी. मावळणकरांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील, कर्मभूमी अहमदाबाद. केंद्रीय कायदेमंडळाचे ग्रंथालय १९२१ पासून होते. स्वातंत्र्यानंतर त्याला संशोधन व संदर्भ शाखेची जोड मिळाली. कोणत्याही पक्षाच्या सभासदाने माहिती मागावी आणि ती त्याला निःपक्षपातीपणे मिळावी, हे या सेवेचे तत्त्व होय.

काही प्रतिनिधी स्वतःच तज्ज्ञ असतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यानंतर ऑक्टोबर १९५१ मध्ये जे निवेदन केले, त्यात परराष्ट्र धोरणाची चिकित्सा आकड्यांच्या आधारे केली होती. वर्षाकाठी साडेतीनशे कोटी रुपये महसूल जमा होतो आणि त्यापैकी सुमारे १८० कोटी सैन्यावर खर्च होतात, हा भार परराष्ट्र धोरणाचा परिणाम आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांच्या मताशी कोणी सहमत होवो अथवा न होवो, परराष्ट्रनीती आणि गरिबाची भाकरी यांचा संबंध त्यांनी एका वाक्यात उघड केला. पण प्रत्येक मतदारसंघातून आंबेडकर निवडून येत नाहीत. म्हणूनच सर्वसामान्य सभासदाला आधार देणारी व्यवस्था असावी लागते.

चीनचे आक्रमण आणि त्यातून मिळालेला धडा

व्यवस्था अपुरी असली म्हणजे काय होते, हे १९६२ साली देशाने अनुभवले. चीनने अक्साई चीनमधून रस्ता बांधल्याची वस्तुस्थिती संसदेपुढे स्पष्टपणे आली ती १९५९ च्या ऑगस्ट महिन्यात. त्यानंतर सप्टेंबरात चीनबरोबरच्या पत्रव्यवहाराची पहिली श्वेतपत्रिका पंडित नेहरूंनी सभागृहापुढे ठेवली. त्यापूर्वीची काही वर्षे संसद या प्रश्नाबाबत जवळजवळ अंधारात होती. श्वेतपत्रिका आल्यानंतर वाद पुष्कळ झाले, भाषणे तळमळीची झाली. पण सैन्याजवळ हिवाळी कपडे किती, डोंगरातील रस्ते कुठवर पोहोचले, विमानदलाचा उपयोग कसा होणार, या प्रश्नांचा अभ्यास करून सभासदांपुढे ठेवणारी स्वतंत्र संस्था देशात नव्हती. मागणी होत होती ती कणखरपणाची. त्या कणखरपणाला लागणाऱ्या सामग्रीचा हिशेब कोणापाशीच नव्हता. २० ऑक्टोबर १९६२ रोजी आक्रमण झाले आणि हिशेब हिमालयातच झाला.

हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावून गेला, असे महाराष्ट्र अभिमानाने म्हणतो. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. युद्धातील त्रुटींची चौकशी लष्करी अधिकाऱ्यांकडून करण्यात आली आणि २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी तिच्या निष्कर्षांविषयी लोकसभेत निवेदन केले. प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, नेतृत्वाची पद्धती, जवानांची शारीरिक तयारी अशा मुद्द्यांचा त्यात समावेश होता. मूळ अहवाल मात्र शासनाने अधिकृतपणे प्रसिद्ध केला नाही. चव्हाणांच्याच कारकिर्दीत, नोव्हेंबर १९६५ मध्ये, संरक्षणविषयक अध्ययन आणि विश्लेषण करणारी संस्था नवी दिल्लीत सुरू झाली. २०२० साली तिला गोव्याचे सुपुत्र आणि माजी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांचे नाव देण्यात आले.

या संस्थेचे दीर्घकाळ संचालक राहिलेले के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली १९९९ साली कारगिल आढावा समिती नेमली गेली. तिचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढे ठेवण्यात आला. सुरक्षिततेच्या दृष्टीने नाजूक असलेला मजकूर वगळून उरलेला भाग प्रसिद्धही झाला. गुप्तता राखूनही लोकप्रतिनिधींना विश्वासात घेता येते, हे या उदाहरणाने दाखवून दिले. १९६३ आणि २००० यांमधील हा फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

समित्यांची व्यवस्था आणि तिच्या मर्यादा

संसदेत आज या विषयांचा खरा अभ्यास होतो तो स्थायी समित्यांत. या समित्यांच्या स्थापनेशी एका हैदराबादकराचे नाव निगडित आहे. पी. व्ही. नरसिंह राव यांचे उच्च शिक्षण पुणे व नागपूर येथे झाले. हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीचा त्यांनी तेलुगूत अनुवाद केला. रामटेकच्या मतदारांनी त्यांना लोकसभेवर पाठविले. परराष्ट्रमंत्रिपद भूषविलेले नरसिंह राव पंतप्रधान असताना, १९९३ साली, खात्यांशी संलग्न अशा १७ स्थायी समित्या सुरू झाल्या. २००४ साली त्यांची संख्या २४ झाली. प्रत्येक समितीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे ३१ सभासद असतात. मंत्र्याला समितीचा सभासद होता येत नाही. बैठका बंद दाराआड होतात, त्यामुळे पक्षाचा अभिनिवेश बाजूला ठेवून प्रश्न विचारता येतात. समितीला बाहेरच्या तज्ज्ञांनाही पाचारण करता येते.

या व्यवस्थेचे मोल मोठे आहे. २०१८ साली संरक्षण समितीसमोर सैन्याच्या उपप्रमुखांनी सांगितले की, भूदलाच्या सामग्रीपैकी ६८ टक्के जुनाट, २४ टक्के चालू काळातील आणि केवळ ८ टक्के अत्याधुनिक आहे. समितीने हे आपल्या अहवालात नमूद केले. त्याच वर्षी परराष्ट्र व्यवहार समितीने डोकलामच्या प्रसंगासह भारत-चीन संबंधांवर अहवाल सादर केला. पण हेही नमूद केले पाहिजे की, त्याच २०१८ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात लोकसभेत सर्व खात्यांच्या मागण्या चर्चेविना मंजूर झाल्या. त्यांत संरक्षण खात्याच्याही मागण्या होत्या. समितीने मेहनतीने कमावलेले ज्ञान सभागृहात उपयोगात आलेच नाही.

आणखी एक उणीव आहे. समित्यांची रचना वर्षावर्षाने बदलण्याची पद्धत पडली. सभासद विषयात मुरू लागतो, तोच त्याची जागा बदलू शकते. समितीचे सचिवालय कष्टाळू आहे. पण कागदपत्रांची जुळवाजुळव करणे वेगळे, आणि एखाद्या तोफेची किंवा तहाची चिकित्सा करून पर्याय सुचविणे वेगळे. त्यासाठी वर्षानुवर्षे एकाच विषयाला वाहून घेतलेले तज्ज्ञ लागतात. राज्यघटनेने परराष्ट्र व्यवहार, तह, युद्ध आणि शांतता हे विषय संघसूचीत घातले आहेत, परंतु तह करण्यापूर्वी संसदेची मान्यता घेण्याचे बंधन कार्यकारी शासनावर नाही. भूप्रदेश परक्या राष्ट्राला द्यावयाचा असेल तर घटनादुरुस्ती हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली बेरुबारीच्या प्रकरणात सांगितले. त्यामुळेच बांगलादेशाशी १९७४ साली झालेल्या सीमाकराराच्या पूर्ततेसाठी २०१५ साली शंभरावी घटनादुरुस्ती करावी लागली. असे प्रसंग वगळता सभासदाला प्रश्न विचारूनच आपला अंकुश ठेवावा लागतो. आणि नेमका प्रश्न अभ्यासातूनच सुचतो.

इतर देशांतील अनुभव

अमेरिकेच्या काँग्रेसने आपल्या ग्रंथालयात १९१४ साली संदर्भसेवा सुरू केली आणि १९७० साली तिचे रूपांतर पूर्ण संशोधनसेवेत केले. तिचे तज्ज्ञ दोन्ही पक्षांच्या सभासदांना सारखेच साहाय्य करतात आणि मत कोणत्या बाजूने द्यावे हे सांगत नाहीत. २०१८ पासून तिचे अहवाल सर्वांना वाचावयास खुले झाले. कॅनडात संसदेच्या अर्थसंकल्प अधिकाऱ्याने २००८ साली अफगाणिस्तानातील मोहिमेचा खर्च स्वतंत्रपणे मोजून संसदेपुढे मांडला. ॲबिसिनियाच्या मोहिमेचा खर्च हिंदुस्थानवर का, असे विचारणाऱ्या आपल्या पूर्वजांना हे उदाहरण निश्चित आवडले असते.

या देशांचे अनुकरण जसेच्या तसे करावे असे नाही. अमेरिकेतच काँग्रेसला तंत्रज्ञानविषयक सल्ला देणारे एक कार्यालय १९७२ साली स्थापन झाले आणि १९९५ साली निधी थांबवून ते बंद करण्यात आले. स्वतंत्र सल्ला नेहमीच गोड लागतो असे नाही. म्हणूनच अशा संस्थांना कायद्याचा आणि लोकमताचा आधार असावा लागतो.

‘स्वतंत्र’ या शब्दाचा अर्थ

स्वतंत्र विश्लेषण म्हणजे शासनाच्या विरुद्ध विश्लेषण, असा अर्थ कोणी करू नये. शेतकरी जमीन विकत घेताना विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबत नाही. तो तलाठ्याकडचा उतारा पाहतो, शेजाऱ्याला विचारतो, बांध स्वतः फिरून पाहतो. यात विकणाऱ्याचा अपमान नसतो. देशाच्या कारभारातही हीच रीत उचित होय.

असे स्वातंत्र्य तीन बाजूंनी राखावे लागते. पहिले, ज्या खात्याच्या कामाची तपासणी करावयाची त्या खात्यापासून. दुसरे, राजकीय पक्षांपासून. आणि तिसरे, ज्यांना निर्णयातून लाभ होणार आहे अशांपासून. मग तो शस्त्रास्त्रांचा विक्रेता असो वा परकीय पैसा असो. संस्था शासकीय अनुदानावर चालते म्हणून ती निरुपयोगी ठरत नाही, आणि खाजगी आहे म्हणून ती निःपक्षपाती ठरत नाही. पैसा कोठून येतो, लेख कोण तपासतो आणि चूक झाल्यास ती मान्य केली जाते की नाही, या तीन कसोट्यांवर प्रत्येक संस्था घासून पाहावी.

गुप्ततेचा प्रश्नही प्रामाणिकपणे समजून घेतला पाहिजे. सैन्याच्या हालचाली आणि गुप्तवार्ता चव्हाट्यावर आणता येत नाहीत. पण खर्च किती, सामग्री कधी येणार, यापूर्वी काय चुकले, शेजाऱ्यांशी झालेल्या कराराने कोणाला काय मिळाले, यांपैकी बहुतेक माहिती उघड असते किंवा उघड करता येण्याजोगी असते. जोशींनी गुप्त कागदांवाचूनच काम केले होते.

राज्याच्या विधिमंडळाचाही संबंध

राष्ट्ररक्षण हा विषय केंद्राचा असला, तरी पोलीस हा विषय राज्याचा आहे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहशतवादी समुद्रमार्गे मुंबईत उतरले आणि १६६ जणांचा बळी गेला. त्यानंतर महाराष्ट्र शासनाने राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची द्विसदस्य समिती नेमली. प्रधान हे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना त्यांचे खाजगी सचिव होते. समितीने २००९ साली आपला अहवाल शासनाला दिला. किनारी गस्त, पोलिसांची सामग्री, गुप्तवार्तांची देवाणघेवाण या बाबी आमदारांच्याच कक्षेतील आहेत. स्फोटके १९९३ साली शेखाडीला उतरली होती. मुंबईचा किनारा त्यानंतर पंधरा वर्षांनी पुन्हा उघडा पडला. या पंधरा वर्षांत कोणत्या नौका आल्या, किती चालू स्थितीत राहिल्या, किती चौक्या मनुष्यबळावाचून ओस पडल्या, याचा दरवर्षी हिशेब मांडून तो सदस्यांच्या हाती देणारी स्वतंत्र यंत्रणा असती, तर त्या प्रश्नांची धार निश्चितच वाढली असती. विधिमंडळांच्या ग्रंथालयांत संशोधन करणारे अधिकारी वाढविणे, विद्यापीठांतील संरक्षणशास्त्राच्या विभागांशी त्यांचा संबंध जोडणे आणि किनारी व सीमावर्ती मतदारसंघांच्या सदस्यांना नियमित टिपणे पुरविणे, ही कामे फारशा खर्चाची नाहीत.

शिक्षक आणि नागरिक काय करू शकतील

शेवटी प्रश्न उरतो तो आपल्या कर्तव्याचा. संसदीय समित्यांचे अहवाल आज छापील स्वरूपात आणि संगणकावर उपलब्ध असतात. गावच्या वाचनालयात त्यांतील एखादा महिन्यातून एकदा वाचला जावा, त्यावर चर्चा व्हावी. माध्यमिक शाळेतील शिक्षकाने नागरिकशास्त्र शिकवताना संसदेची रचना तर सांगावीच, शिवाय एखादा खरा प्रश्न घेऊन विद्यार्थ्यांकडून त्याचे टिपण करून घ्यावे. चांगल्या टिपणात पाच गोष्टी असाव्यात: घडले काय, ते कोणत्या अहवालातून कळले, त्याविषयी वेगवेगळी मते कोणती, प्रत्येक पर्यायाचा खर्च किती, आणि आपल्याला अद्याप काय ठाऊक नाही. यातील पाचवी गोष्ट सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाची. १८९७ च्या उन्हाळ्यात गोखल्यांना तीच महाग पडली होती.

निवृत्त सैनिक, किनाऱ्यावरील कोळी बांधव, आखातातून परतलेले कामगार, निर्यात करणारे शेतकरी यांच्याजवळ असे ज्ञान आहे, जे राजधानीतील कोणत्याही ग्रंथालयात सापडत नाही. ते तपासून, नीट लिहून आपल्या आमदार-खासदारापर्यंत पोहोचविले, तर निवेदनांच्या ढिगात ते टिपण वेगळे उठून दिसेल. लोकप्रतिनिधीकडे आपण नोकरीची शिफारस मागावयास जातो, रस्त्याची तक्रार घेऊन जातो. कधीतरी त्याच्या हाती एक चांगले टिपण द्यावयासही गेले पाहिजे.

येत्या रविवारी आबिड्सच्या पदपथावर पुन्हा पुस्तके मांडली जातील. त्या ढिगात एखादा जुना सरकारी अहवाल, पिवळ्या पानांचा, कोणी न उचललेला, पडलेला असेल. सोलापूरच्या त्या शिक्षकाने तो उचलला असता, घरी नेऊन रात्री कंदिलाच्या उजेडात त्यातील आकडे ताडून पाहिले असते आणि सकाळी वेळेवर शाळेत हजर झाला असता. देशाच्या कायदेमंडळातील एका आवाजामागे त्या आकड्यांचे बळ उभे राहिले. असे शिक्षक आजही गावोगाव आहेत. त्यांचे काम प्रतिनिधींपर्यंत पोहोचविणारी वाट तेवढी बांधावयाची आहे.